तंतू तोडून पाहा, मग भाव बोला



कापसाची गाडी यार्डात उभी राहते. ग्रेडर वरच्या थरातला मूठभर कापूस उचलतो, चिमटीत धरून ओढतो आणि भाव बोलतो. सहा महिन्यांच्या कष्टाचा निकाल अर्ध्या मिनिटात. त्याच्या अंगठ्याला अनुभव असेल, आम्ही नाकारत नाही. पण आवक दाटली की हाच अंगठा कडक का होतो?

गिरणीवाला अंगठ्यावर रुई घेत नाही. गाठीतला नमुना तो प्रयोगशाळेत पाठवतो. तिथे एच.व्ही.आय. नावाचे यंत्र असते. तंतूंचा झुपका दोन चिमट्यांत पकडायचा, चिमट्यांमधले अंतर ३.२ मिलिमीटर, आणि तुटेपर्यंत ओढायचा. किती जोर लागला ते ग्रॅम प्रति टेक्स या मापात येते. हजार मीटर तंतूचे वजन जितके ग्रॅम, तितके टेक्स. म्हणजे जाड-बारीक तंतूंची तुलना एकाच तराजूत होते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मोजणीत २६ ते २८ म्हणजे साधारण, २९-३० मजबूत, ३१ किंवा त्यावर फार मजबूत. २३ किंवा त्याखाली कमजोर. असा तंतू वेगाच्या चात्यांवर टिकत नाही, सूत तुटते.

नमुना आधी ६५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवतात, कारण दमट हवेत कापसाचा तंतू जास्त ताण सोसतो, कोरड्या हवेत कमी. हवा बदलली की आकडा बदलतो, म्हणून प्रयोगशाळा एवढी काळजी घेते. यार्डात सकाळचे दव आणि दुपारचे ऊन यांचा हिशेब कोण ठेवतो?

ही विद्या परदेशातून आणायची नाही. मुंबईला माटुंग्यात १९२४ पासून कापसाची सरकारी प्रयोगशाळा आहे. शंभर वर्षे झाली. आकडा निघतो, पण तो जिनिंगनंतर, गाठीचा. तेव्हा कापूस आपला राहिलेला नसतो. हमीभावातही तंतूची लांबी आणि मायक्रोनेअर धरतात. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याला ७७१० रुपये, लांब धाग्याला ८११० रुपये क्विंटल. मजबुतीला दमडीही नाही. अमेरिकेत १९९१ पासून सरकारी कर्जयोजनेतल्या गाठींची यंत्रावर प्रतवारी होते आणि मजबुतीप्रमाणे भाव वर-खाली होतो.

एकेका गाडीची तपासणी परवडत नाही, असे सांगतील. खरे आहे. सरकी काढल्याशिवाय यंत्र चालतच नाही. मग गावातल्या एका वाणाचा, एका वेच्याचा कापूस एकत्र करा, वेगळा जिन करा, गाठीचा नमुना काढा. यात आपलेही काम आहे. पहिल्या वेच्यात फरदड मिसळली, पावसात भिजलेली बोंडे घातली, वजनासाठी पाणी मारले, तर यंत्र आपल्याच विरुद्ध बोलेल. कवडी वेगळी ठेवायला मजुरी जास्त पडते, हेही आम्ही जाणतो. ती मजुरी भावात भरून आली नाही तर कोणी ठेवणार नाही.

जिल्हा बैठकीत दोन ठराव मांडायचे आहेत. गाठीच्या तपासणीचा कागद कापूस देणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती मिळावा, आणि हमीभावाच्या तक्त्यात मजबुतीचा रकाना यावा. ज्यांच्याकडे मागच्या हंगामाच्या कापूसपट्ट्या असतील त्यांनी त्या सोबत आणाव्यात.