सुधारणा मागे घेण्याची तयारी

मेहकर-चिखलीकडे सोयाबीनचा भाव पाहताना ज्या अँड्रॉइड फोनवर बोट फिरते, त्याच्या गाभ्यात लिनक्सचा कर्नल असतो. कर्नल म्हणजे यंत्राचा मुकादम. कोणत्या कामाला किती वेळ आणि किती मेमरी द्यायची, हे तोच ठरवतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये या कर्नलची ५.३ ही आवृत्ती तयार होत होती. डिस्कवरचे वाचन कमी फेऱ्यांत उरकणारा एक बदल तिच्यात होता. बदल चोख होता, तरी काही संगणक सुरूच होईनात. कारण मोठे गमतीचे. संगणक सुरू होताना काही प्रोग्रॅम सुरक्षिततेसाठी बेभरवशाचे, म्हणजे आधी ओळखता न येणारे आकडे मागतात. त्यासाठी लागणारी अनिश्चितता कर्नल डिस्ककडून येणाऱ्या इशाऱ्यांच्या वेळांवरूनही गोळा करीत असे. फेऱ्या घटल्या, इशारे घटले आणि आकड्यांची वाट पाहत यंत्र खोळंबले.

दोष डिस्कच्या बदलात नव्हताच. तरीही लिनस टोरवाल्ड्स यांनी १५ सप्टेंबरला, आवृत्ती प्रसिद्ध करण्याच्या तोंडावर, तो मागे घेतला. वापरणाऱ्याचे चालते काम बंद पडले तर चूक कर्नलची, हा तिथला जुना नियम. पुढे आकड्यांची मूळ अडचण सुटली आणि ५.४ मध्ये तोच बदल परत आला. नव्या गोळीने पुरळ उठले की डॉक्टरही आधी गोळी थांबवतात, कारण मग शोधतात.

मात्र परतीची वाट आधीच राखावी लागते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकची सदोष फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली गेली. पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांना फटका बसला होता आणि कित्येक यंत्रे माणसांनी एकेक करून हाताने सुरू केली.

सरकारी सेवांच्या प्रणालींना हाच नियम का नसावा? लोणार तालुक्यातल्या खेड्यातून दाखल्यासाठी आलेल्या मजुराला ‘अपडेट चालू आहे, उद्या या’ असे सांगितले, तर त्याची दिवसाची मजुरी बुडते. ती कुठल्याच अहवालात येत नाही. प्रणालीच्या निविदेत नव्या सोयींची यादी लांबलचक असते. त्यात जुनी आवृत्ती किती तासांत परत आणणार आणि तो निर्णय कोण घेणार, हेही लिहून घ्यावे.