न वापरलेले चेक परत मिळायलाच हवेत : रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

प्रति,
माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

विषय : कर्जासाठी घेतलेले पुढच्या तारखेचे चेक कर्ज फिटल्यावर परत करण्याबाबत

महोदय,

चेकच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या आठ चौकटींत पुढची तारीख घातली, की त्या दिवसापर्यंत तो वटत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ मधील निकालानुसार तोवर तो केवळ विनिमयपत्र असतो. तारीख उजाडली की कायद्याने चेक होतो. तारखेआधी भरल्यास बँक तो परत पाठवते. तारखेपासून तीन महिन्यांत तो भरावा लागतो. १ एप्रिल २०१२ पूर्वी ही मुदत सहा महिने होती.

तारखेनंतर भरलेला चेक शिल्लक अपुरी असल्याने परत आला, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे कलम १३८ लागू होते. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत घेणेकऱ्याने लेखी नोटीस द्यायची असते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम चुकती झाली नाही, तर पुढच्या महिनाभरात फौजदारी तक्रार करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘स्टॉप पेमेंट’ केल्याने आपोआप सुटका होत नाही.

हप्त्यांची वसुली आता बऱ्याच ठिकाणी ‘नॅच’ या स्वयंचलित यंत्रणेमार्फत थेट खात्यातून होते. तरीही कर्ज देताना ‘सिक्युरिटी’ म्हणून चेक घेतले जातात आणि कित्येकदा त्यांवर नुसती सही असते. अशा कोऱ्या चेकवर तारीख-रक्कम दुसऱ्याने लिहिली, तरी तो देणे फेडण्यासाठीच दिला होता, असे कायदा गृहीत धरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. तसे नव्हते, हे दाखवण्याचा भार सही करणाऱ्यावर पडतो.

समजा, ६०,००० रुपयांच्या कर्जापैकी ५०,००० फिटले आणि त्या फेडीची नोंद चेकवर न करता पूर्ण ६०,००० चा चेक भरला गेला. तो परत आला, तरी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानुसार कलम १३८ चा गुन्हा होत नाही. पण एवढे सिद्ध करायलाही कर्जदाराला वकील गाठून कोर्टाची पायरी चढावी लागते.

वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर मालमत्तेची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत देणे १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेमुळे उशीर झाल्यास दर दिवशी ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेने हीच मुदत आणि भरपाई न वापरलेल्या चेकनाही स्पष्ट शब्दांत लावावी. चेक घेताना प्रत्येकाचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि कारण लिहिलेली सहीशिक्क्याची पोच द्यावी. कोरे चेक घेण्यास मनाई करावी. पूर्ण कर्ज फेडणाऱ्याच्या सहीचा एकही चेक कर्ज देणाऱ्याच्या कपाटात राहता कामा नये.

कळावे,
एक खातेदार