चोवीस लाखांची मोजदाद

ऑनलाइन राजकारणातला लोकांचा सहभाग मोजायचा तर सह्या, ईमेल आणि लाइक मोजावेत, आकडा मोठा तो पक्ष लोकांचा, ही समजूत फार सोयीची आहे आणि तितकीच पोकळ. इंटरनेटच्या डेटाला वेगवेगळे दर लावू द्यावेत का, यावर दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने डिसेंबर २०१५ मध्ये चार प्रश्न विचारून मतं मागवली. सुमारे २४ लाख प्रतिक्रिया आल्या. त्यांतल्या जवळपास १९ लाख निवडक संकेतस्थळं फुकट दाखवणाऱ्या फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेची तरफदारी करणाऱ्या होत्या. नुसती डोकी मोजायची तर निकाल तिथेच लागला असता. पण कंपनीने लिहून दिलेल्या त्या मजकुरात विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरंच नव्हती. सल्लामसलतीचं रूपांतर घडवून आणलेल्या कौलात केल्याबद्दल ट्रायने फेसबुकला सुनावलं आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या दरांवर बंदी घातली.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. एप्रिल २०१५ मध्ये, ट्रायच्या आधीच्या सल्लामसलतीत, नेट न्यूट्रॅलिटीच्या म्हणजे सगळ्या डेटाला समान वागणूक देण्याच्या बाजूने गेलेले दहा लाखांवर ईमेलही बहुतांशी तयार मसुद्याचेच होते. मग आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असाच हा न्याय नाही का? नाही. मसुदा तयार असणं हा दोष नव्हेच. मोर्चातल्या घोषणाही कुणीतरी आधी रचलेल्याच असतात. एप्रिलच्या मसुद्यात ट्रायने तेव्हा विचारलेल्या वीस प्रश्नांना उत्तरं होती, हा खरा फरक. तरीही दहा लाख वेळा आलेला एकच युक्तिवाद हा एकच युक्तिवाद असतो, हे त्या बाजूनेही मान्य करायला हवं. विषय किती जणांना जिव्हाळ्याचा वाटतो, एवढंच संख्या सांगते. म्हणणं किती पटण्याजोगं आहे, हे सांगत नाही. आणि संख्या खोटीही असू शकते. अमेरिकेत २०१७ मध्ये याच विषयावर आलेल्या सव्वादोन कोटींच्या आसपास प्रतिक्रियांपैकी १.८ कोटींच्या घरात बनावट होत्या, असं न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या २०२१ च्या अहवालात निघालं. त्यांतल्या ७७ लाख तर एकट्या कॉलेजकुमाराने खोट्या नावांनी पाठवल्या होत्या!

म्हणून मोजणीचे रकाने वेगळे हवेत: खरी माणसं किती, निराळे मुद्दे किती, आणि त्यांतल्या कितींना निर्णयात उत्तर मिळालं. अशाने शिकलेल्यांचंच फावेल, ही भीती मात्र अनाठायी आहे. निवडक संकेतस्थळांच्या स्वस्त योजनेत आपल्या गिऱ्हाइकांना आपलं दुकान दिसणारच नाही, असं एखाद्या दुकानदाराने मोडक्यातोडक्या दोन ओळींत कळवलं, तर तो स्वतंत्र मुद्दा ठरतो; त्याची नोंद लाखभर नकलांच्या ढिगाखाली दडपली जाते, ती फक्त आकडा पाहणाऱ्याच्या वहीत.