पाचोळा कोणाचा आणि झाडू कोणाच्या हाती?

फेब्रुवारी-मार्च आला की शहरांत पानगळ सुरू होते. पिंपळ, बदाम, पर्जन्यवृक्ष यांच्या पानांचे ढीग सोसायट्यांच्या आवारात आणि रस्त्याच्या कडेला साचतात. पहाटे कुठेतरी त्यांना काडी लागते. मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो फिरतो : ‘सफाईवाली पाने जाळते आहे, कारवाई करा.’ दरवर्षी हेच घडते. त्या फोटोत जे दिसत नाही, त्याबद्दल आम्हाला बोलायचे आहे.

नियम काय सांगतो?

घनकचरा व्यवस्थापन नियम 8 एप्रिल 2016 रोजी अधिसूचित झाले. बागेतला कचरा ज्याचा, त्याने तो आपल्याच आवारात वेगळा साठवावा आणि स्थानिक संस्थेच्या सूचनेप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी, असे त्यात सांगितले. कचरा रस्त्यावर टाकायला आणि जाळायला मनाई केली. सार्वजनिक उद्यानांतला पालापाचोळा पालिकेने वेगळा गोळा करून शक्यतो उद्यानातच जिरवावा, अशी जबाबदारी घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली आणि साध्या प्रकरणात 5,000, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवली.

म्हणजे पहिली जबाबदारी आवाराच्या मालकाची, दुसरी पालिकेची. झाडू मारणाऱ्याचा नंबर त्यानंतर लागतो. प्रत्यक्षात मात्र बोट सर्वांत आधी त्याच्याकडेच वळते.

धुरामागची व्यवस्था

माळी बंगल्यातली पाने झाडून फाटकाबाहेर लोटतो. पाने वजनाला हलकी, पण जागा फार खातात. त्यामुळे घंटागाडीत ती मावत नाहीत. सफाई कामगाराकडे एक झाडू, एक ढकलगाडी आणि भला लांब रस्ता. पाने टाकायला जागा ठरवून दिलेली नसते. मुकादमाला रस्ता लख्ख दिसायला हवा असतो. अशा वेळी काडी ओढली जाते. ओलसर पाचोळा धुमसत राहतो, त्यातून सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, आणि तो सर्वांत आधी काडी लावणाऱ्याच्याच छातीत जातो. पाने जाळणे चूकच आहे. पण दंडाची पावती फक्त त्याच्या हातात देऊन ही व्यवस्था सुटता कामा नये.

हे हात कोणाचे आहेत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. गावगाड्यात गाव झाडण्याचे आणि मेलेली गुरे ओढण्याचे काम जन्माने वाट्याला येत होते. महार वतने 1958 च्या कायद्याने संपली, पण शहरातल्या झाडूने जात बदलली नाही. मुंबईत पालिकेच्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले. निकाल लागला 2017 मध्ये. पुण्यात कचरावेचकांनी 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभारली आणि त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. जात माणसांनाच कामाप्रमाणे वाटून टाकते आणि वर-खाली बसवते, हे बाबासाहेबांनी कधीच दाखवून दिले आहे. ‘माझा कचरा दुसरा उचलेल’ ही सवय त्याच वाटणीची आहे.

पान जिथे पडते, तिथेच जिरवा

उपाय अवघड नाही. वाळलेल्या पानांत कर्ब जास्त, तर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नत्र जास्त. साधारण तीन भाग वाळकी पाने आणि एक भाग ओला कचरा, असे थर जाळीच्या पिंजऱ्यात द्यावेत. पिळून काढलेल्या फडक्याइतका ओलावा ठेवावा आणि आठवड्याला एकदा खालीवर करावे. काही महिन्यांत खत तयार होते. नुसती पाने असतील तर वेळ जास्त लागतो, म्हणून ती आधी चुरावीत. एवढेही नको असेल तर पाने झाडांच्या बुंध्याशी पसरावीत. उन्हाळ्यात माती ओली राहते. जाड फांद्या वेगळ्या काढाव्यात. पुण्यातल्या ‘ब्राऊन लीफ’ उपक्रमाने पाने जास्त झालेल्यांची आणि खतासाठी पाने हवी असलेल्यांची गाठ घालून दिली. त्यामुळे एकाचा कचरा दुसऱ्याच्या गच्चीवरच्या बागेत पोहोचला.

सुरुवात विहारापासून

आपल्या अनेक विहारांच्या आवारात पिंपळ आहे. त्याचे पान आपण वहीत जपतो, पण पानगळीत त्याच बोधिवृक्षाची पाने आणि वंदनेची सुकलेली फुले कुठे जातात, हे कितीजण पाहतात? थेरगाथेत सुनीत थेर स्वतःविषयी सांगतात की ते हलक्या मानलेल्या कुळात जन्मले आणि सुकलेली फुले उचलून टाकणे हे त्यांचे काम होते. तथागतांनी त्यांना संघात घेतले. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सुनीताच्या धम्मदीक्षेला जागा दिली. ही कथा आपण प्रवचनात ऐकतो. विहाराचे आवार झाडायला मात्र पगारी माणूस शोधतो, किंवा ते काम महिला मंडळावर ढकलतो.

म्हणून युवकांना आमचे सांगणे दोन पातळ्यांवर आहे. पहिले, येत्या पानगळीत प्रत्येक विहारात पाचोळ्याचा एक पिंजरा उभा राहू द्या आणि झाडूची पाळी समितीच्या अध्यक्षापासून सुरू करा. दुसरे, आपल्या वॉर्ड कार्यालयाला लेखी विचारा : बागेचा कचरा वेगळा उचलण्याची गाडी कोणत्या दिवशी येते, उद्यानात खताचे खड्डे किती आहेत, कंत्राटी कामगारांना हातमोजे आणि मास्क मिळतात का, आणि धुरासाठी आजवर किती मालमत्ताधारकांना दंड झाला व किती सफाई कामगारांना? उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हाती आले की धुराचे राजकारण आकड्यांत दिसेल. मग बोलणी त्या आकड्यांवरच होऊ द्या.