हिशेबाच्या तासाला उलट सवाल

पाढे घोकले कीं पोर हिशेबी झालें, असें आमचे कित्येक शिक्षकबंधु मानतात. आम्हांस तें मान्य नाहीं. समजा, भाव क्विंटलला 4,800. केनवडच्या कुणब्याच्या 37 किलो सोयाबीनचे पैसे किती? हा प्रश्न नुसतें उत्तर मागतो. त्याऐवजीं विचारावें : अडत्यानें 1,700 रुपये दिले, बरोबर काय? कशावरून? एक पोर 40 किलोच्या 1,920 तून 144 वजा करील, दुसरें 30 व 7 निरनिराळे धरील. दोघांसही फळ्यापाशीं बोलवावें. जोतीरावांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें प्राथमिक शिक्षणांत मोडी-बाळबोधाबरोबर हिशेब मागितला, तो घोकंपट्टीसाठीं खास नव्हे! बाजारांत 76 रुपये कमी हातावर पडतांच पोरानें "कसे?" म्हणून विचारावें, ही संवय वर्गांत गुरुजींसच उलट विचारून लागते. तास लांबेल, लांबो.