नेत्यांची रोपवाटिका

आमच्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीनचा भरवसा नाही, तुरीचा नाही, पावसाचा तर मुळीच नाही. परंतु अलीकडे एक पीक हमखास येऊ लागले आहे, आणि ते नेत्यांचे. सुटी लागण्याचा अवकाश, निवासी नेतृत्व-शिबिरांची पत्रके शाळाशाळांतून येऊन पडतात. पाच दिवस, सात दिवस, फार तर दहा, राहणे-जेवणे तिथेच. मुलगा एका रविवारी विद्यार्थी म्हणून घरून निघतो आणि पुढच्या रविवारी नेता होऊन परततो. तेवढ्या अवधीत वाफ्यातली मेथीसुद्धा खुडायला येत नाही!

या शिबिरांत शिकवतात काय? सकाळी योगासने. मग न्याहारी, ती रांधणारे दुसरे, वाढणारे दुसरे आणि उष्टी ताटे उचलणारे तिसरेच. मग थंडगार सभागृहात व्याख्याने: उभे कसे राहावे, हात कुठे ठेवावेत, समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून कसे बोलावे, अर्ध्या मिनिटात स्वतःची ओळख कशी ठसवावी. दुपारी खेळ. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या सोबत्याला हाताला धरून न्यायचे, वर्तमानपत्राच्या सुरळ्यांचा मनोरा रचायचा. ज्यांचा मनोरा उंच त्यांना टाळ्या. अखेरच्या दिवशी पाहुणे, प्रमाणपत्र आणि छायाचित्र.

यात वाईट काय, असे कोणी विचारील. वाईट काहीच नाही. खेड्यातल्या मुलाची चार माणसांत उभे राहिले की बोबडी वळते. ती वळू नये असे मला मास्तर म्हणून मनापासून वाटते. बोलायला शिकवा, जरूर शिकवा. परंतु बोलता येऊ लागलेल्या मुलाला नेता म्हणू नका. आणि ज्या गावातून त्याला उचलून आणले त्या गावाचे नाव आठवडाभर कोणाच्याही तोंडी येत नसेल, तर त्या शिबिराला शिक्षण तरी कशाला म्हणायचे?

हे वेड एकट्या वाशीमचे नव्हे. अमेरिकेच्या सरकारने २०१० साली आफ्रिकेतल्या तरुण नेत्यांसाठी एक उपक्रम आरंभिला. २०१४ साली त्यात मंडेला आणि वॉशिंग्टन ही दोन नावे जोडलेली एक पाठ्यवृत्ती आली. पंचवीस ते पस्तीस वयाच्या पाचशे तरुण-तरुणींना सहा आठवडे अमेरिकन विद्यापीठांत ठेवायचे, शिकवायचे आणि शेवटी राजधानीत अध्यक्षांच्या भेटीला न्यायचे, अशी योजना. पाचशे जागांसाठी अर्ज आले सुमारे पन्नास हजार! म्हणजे शंभरांत एक. त्या पाचशेंत कर्तबगार माणसे होती यात मला शंका नाही. मला काळजी वाटते ती नव्व्याण्णवांची. ज्या खंडाला माणसांची सर्वांत अधिक गरज, तिथल्या शंभर उत्साही तरुणांतून एकाला बाजूला काढून ‘तू नेता’ म्हणायचे, आणि उरलेल्यांना न बोलता सांगायचे की तुम्ही मागे चालणारे! आमच्या शाळांतही हेच घडते. चाळीस मुलांच्या वर्गातून एक नाव मागवले जाते. ते नाव बहुधा अशा मुलाचे असते की जो आधीच धीट आहे, ज्याच्या बापाला भाडे परवडते. जो कधी हातच वर करीत नाही, त्याला शिबिराची खरी गरज; त्याचे नाव यादीत सहसा येत नाही.

आता शब्दाकडेच पाहू. नेता म्हणजे नेणारा. कोणाला नेणारा, आणि कुठे? या दोन प्रश्नांची उत्तरे नसतील तर तो शब्द पोकळ आहे. मराठीत पूर्वी ‘पुढारी’ हा चांगला शब्द होता. पुढाऱ्यांनी त्याची अशी काही दशा केली की आता खेड्यात कोणाला पुढारी म्हटले तर तो भांडायला उठतो. म्हणून मग ‘नेतृत्व’ हे धुतलेले वस्त्र आणावे लागले. मी कादंबऱ्या लिहितो. नायक कसा घडतो हे वर्षानुवर्षे कागद खरडल्यावर थोडेफार मला कळते. नायकाला भोवतालची माणसे घडवतात. त्यांच्या तोंडून त्याचे मोठेपण कळावे लागते. ज्या कादंबरीत नायक स्वतःच स्वतःचे गुण सांगत सुटतो, ती वाचक तिसऱ्या पानावर मिटून ठेवतो.

‘नायक’ हा शब्द आमच्या जिल्ह्यात पोथीतला नाही, रोजच्या बोलण्यातला आहे. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थक्षेत्र. त्या समाजाच्या प्रत्येक तांड्याला एक नायक आणि एक कारभारी असे. एके काळी धान्याच्या आणि मिठाच्या गोण्या लादलेले हजारो बैल घेऊन लमाणांचे तांडे देशभर फिरत. पुढच्या मुक्कामाला पाणी आहे का, चारा आहे का, वाट बिनधोक आहे का, हे ज्याला ठाऊक तो नायक. नायक चुकला तर बैल मरत आणि माणसे उपाशी राहत. त्याच्या अधिकारामागे अशी जोखीम होती. मनोरा कोसळला तर आमच्या शिबिरातल्या नेत्याचे काय बिघडते? कागद गोळा करून पुन्हा रचता येतो.

इथे एक गैरसमज आधीच दूर करतो. माणसांना एका ठिकाणी ठेवून, एकत्र जगायला लावून घडवता येत नाही, असे माझे म्हणणे नाही. याचा एक थोर दाखला आफ्रिकेच्याच भूमीवर आहे. १९१० साली जोहान्सबर्गजवळ अकराशे एकरांच्या शेतावर गांधीजींनी सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी टॉल्स्टॉय फार्म वसवले. जमीन कॅलनबाख नावाच्या जर्मन मित्राची. तिथे नोकर नव्हते. स्वयंपाक, झाडलोट, पायखाने, सुतारकाम, चपला शिवणे, सगळे ज्याने-त्याने करायचे. खाजगी कामासाठी शहरात जायचे तर वीसेक मैल पायी जायचे. भाषणकलेचा तास तिथे नव्हता. परंतु १९१३ साली त्या फार्मवर राहून गेलेल्या काही तमिळ स्त्रिया नाताळच्या हद्दीत शिरल्या, न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींवर गेल्या आणि तिथल्या हिंदी मजुरांना त्यांनी संपावर आणले. हजारो मजूर बाहेर पडले. त्या बायांना प्रमाणपत्र मिळाले ते तीन महिन्यांच्या सक्तमजुरीचे. नेतृत्व म्हणतात ते हे.

तोच धडा पुढे आमच्या विदर्भात आला. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, आणि पहाटेचे झाडू हाच तिथला पहिला पाठ झाला. १९४१ साली एस. एम. जोशींच्या प्रमुखत्वाखाली राष्ट्र सेवा दल उभे राहिले, त्याच्या शिबिरांत गाणी होती, तसे खोरे-फावडेही होते. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमट्यांनी मेच्या उन्हात तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरवायला सुरुवात केली. व्याख्यान ऐकायचे ते घाम गाळून झाल्यावर. आणि अमळनेरच्या वसतिगृहात मुले बाहेर गेली असता त्यांची अंथरुणे घडी करून ठेवणारे, खोल्या झाडणारे साने गुरुजी तर आम्हा मास्तरांच्या जातीचेच! नेता व्हा, असे ते मुलांना सांगत बसले नाहीत.

१९६९ साली, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली ती याच विचारातून. तिचे सात दिवसांचे निवासी शिबिर खेड्यात भरते, शाळेच्या खोल्यांत मुले झोपतात, स्वतः रांधतात. अजूनही काही महाविद्यालये ते मनापासून करतात. पुष्कळ ठिकाणी मात्र प्रभातफेरी, रांगोळी आणि घोषणा एवढ्यावर भागते. गाव घाण होते तसे राहते. छायाचित्रापुरता झाडू हातात येतो. जुनी वस्तू हाती असताना ती घासूनपुसून वापरण्याऐवजी आपण बाजारातून चकचकीत नवी आणतो, याचे दुःख अधिक आहे.

या विषयात एका मास्तराचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. टांझानियाचे ज्यूलियस न्येरेरे राष्ट्राध्यक्ष झाले तरी लोक त्यांना ‘म्वालिमू’ म्हणत, म्हणजे गुरुजी. शेक्सपिअरचा ‘ज्यूलियस सीझर’ त्यांनी स्वाहिलीत आणला तो सत्तेवर असतानाच, १९६३ साली. देश स्वतंत्र झाला त्याच १९६१ साली दार-एस-सलाममध्ये किवुकोनी नावाचे निवासी महाविद्यालय निघाले. पक्षाचे, सहकारी संस्थांचे, कामगार संघटनांचे कार्यकर्ते तिथे राहून शिकत. म्हणजे निवासी प्रशिक्षणावर न्येरेरे यांचा विश्वास होता. परंतु १९६६ च्या ऑक्टोबरात विद्यापीठातल्या मुलांनी राष्ट्रसेवेच्या सक्तीविरुद्ध मोर्चा काढला. सेवेच्या काळात पगार कमी मिळेल ही त्यांची मोठी तक्रार. न्येरेरे यांनी त्यांचे ऐकून घेतले आणि पगाराचाच विषय पुढे आणला: माझाही पगार जास्तच आहे. तिथल्या तिथे त्यांनी स्वतःचे वेतन वीस टक्क्यांनी कापले आणि सुमारे चारशे मुलांना आपापल्या घरी पाठवून दिले.

न्येरेरे चुकले नाहीत असे नाही. पुढे सत्तरच्या दशकात त्यांच्या राजवटीने खेडुतांना जबरदस्तीने नव्या वसाहतींत हलवले, आणि शेतीचे हाल झाले. लोकांना विचारल्यावाचून नेऊ गेले की चांगल्या माणसाच्या हातूनही हे घडते. परंतु मोर्च्याच्या दिवशी त्यांनी जे ओळखले, ते आमच्या शिबिरवाल्यांना अजून उमगलेले नाही: गरीब देशात शिकलेल्या तरुणाला ‘तू निवडक’ असे सांगत राहिले, की तो पहिल्या संधीला आपला हिशेब लोकांपासून वेगळा मांडू लागतो.

आमचा हिशेब काय आहे? १९९८ साली अकोल्यातून फुटून वाशीम हा वेगळा जिल्हा झाला. २०१८ साली केंद्र सरकारने देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ असे गोंडस नाव दिले. महाराष्ट्रातले नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाचे उस्मानाबाद म्हणजे आताचे धाराशिव, आणि चौथे वाशीम. आकांक्षा आहे खरी. पण ती बहुधा पुण्याची गाडी पकडण्याची. हुशार मूल गेले म्हणजे गाव सुटकेचा निःश्वास टाकते. अशा ठिकाणी नेतृत्व-शिबिर मुलाला काय सांगते? तू इथल्यांहून वेगळा आहेस. म्हणजे जाणाऱ्याच्या पाठीवर आणखी एक हात.

याउलट एक उदाहरण आमच्याच कारंजा तालुक्याने पाहिले आहे. २०१७ साली पानी फाउंडेशनच्या पाणलोट स्पर्धेत तो तालुका होता. गावोगावचे पाच-पाच जण, त्यांत बायाही, काही दिवस निवासी प्रशिक्षणाला गेले. तिथे शिकले काय? उतार कसा मोजावा, समतल चर कुठे खणावा, दगडी बांध कसा रचावा, शोषखड्डा किती खोल घ्यावा. परतल्यावर ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवस, वैशाखाच्या उन्हात गावाला घेऊन खणायचे. पहिले बक्षीस त्या वर्षी वर्धा जिल्ह्यातल्या काकडदरा या छोट्या आदिवासी खेड्याने नेले. स्पर्धेत गाजावाजा होता, चित्रवाणी होती, नटांची वर्दळ होती. जे चर पुढे कोणी उपसले नाहीत ते गाळाने भरणारच. ते सगळे मान्य. परंतु त्या पाच माणसांची परीक्षा टाळ्यांनी झाली नाही. त्यांच्या हाकेला सकाळी किती कुदळी आल्या, यावर झाली. आणि एकट्याला न पाठवता पाच जणांना पाठवले होते, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. एकटा शिकून आला तर गावाला शहाणपण शिकवायला लागतो. पाच जण आले तर आपसांत भांडून का होईना, काम सुरू करतात.

आणि ज्यांना खरोखर नेतेपद मिळाले आहे, त्यांचे काय? १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. महाराष्ट्राने २०११ साली स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांच्या जागा निम्म्यावर नेल्या. आज गावोगावी निवडून आलेल्या बाया बसल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी जणींच्या सहीचा कागद नवरा घरी आणतो आणि ग्रामसेवक बोटाने जागा दाखवतो. जमाखर्चाची वही कशी वाचावी, ग्रामसभेचा ठराव कसा लिहून घ्यावा, वित्त आयोगाचा पैसा कशावर खर्चता येतो आणि कशावर नाही, हे तिला शिकवायला कोणी आठ दिवस बसत नाही. तिच्या वाट्याला एखाद्या दिवसाचे प्रशिक्षण आणि जेवणाचे पाकीट. तिच्यावर गावाचा भार आहे, तर तिला शिक्षण नाही. ज्याच्यावर कसलाच भार नाही त्याला थंडगार सभागृहात नेतृत्वाचे धडे! याहून उफराटा कारभार शोधून सापडायचा नाही.

म्हणून शिबिरे भरवणाऱ्यांना माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराच्या चार सूचना आहेत. एक मूल मागू नका. एका गावातली पाच मागा, आणि त्यांत दोन मुली असल्याच पाहिजेत. शिबिर हॉटेलात नको, खेड्यात भरवा, आणि ताटे ज्याची त्याने घासावीत. शिकवाल ते गावाच्या उपयोगाचे शिकवा: विहिरीची पातळी मोजणे, सातबारा वाचणे, पंचायतीचे अंदाजपत्रक समजणे, माहितीचा अर्ज लिहिणे, भाषण त्यातूनच येईल, कारण सांगण्यासारखे काही असले की माणूस बोलतोच. आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र वाटू नका. वर्षाने त्या गावी जा, पारावर बसा आणि त्या पाच जणांना बाजूला ठेवून इतरांना विचारा, की या पोरांनी काय केले? लोकांनी चांगले सांगितले तर तिथेच, त्यांच्यादेखत, कागद द्या.

यातली एकही गोष्ट खर्चाची नाही. उलट हॉटेलाचे भाडे वाचेल. अडचण एवढीच, की गावाला विचारायचे ठरले तर फार थोडे नेते तयार होतील, आणि दरवर्षीच्या अहवालात मोठा आकडा छापता येणार नाही. थोडे चालतील. आमच्या तांड्यालाही नायक एकच असे; मात्र तो बैलांच्या बरोबरीने चालत असे.