पाच लाखांचा आकडा आणि महिन्याच्या गोळ्या

निवृत्ती जवळ आली की घरोघरी आरोग्यविम्याचा विषय निघतो आणि बहुधा एकाच आकड्यापाशी अडतो : पाच लाख. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षणही दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं आणि पांढऱ्या शिधापत्रिकेवाल्यांनाही ती खुली झाली. दोन्ही निर्णय मोलाचे आहेत. पण या योजनांचा भर रुग्णालयात भरती होण्यावर आहे, आणि उतारवयातला खर्च मात्र महिन्यामागून महिना चालूच राहतो : मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या, रक्ततपासण्या, डोळ्यांच्या डॉक्टरांची फी. घरी सोडल्यानंतर वय वंदना पंधरा दिवसांचं औषधपाणी बघते. सोळाव्या दिवसापासून खिसा आपला. म्हणून निवड करताना आधी विचारावं ते हे, की भरती न होता होणारा खर्च कोण देणार.

या कसोटीवर दोन जुन्या योजना उजव्या ठरतात. केंद्र सरकारच्या निवृत्तांसाठीच्या ‘सीजीएचएस’मध्ये दवाखाना, औषधं आणि भरती तिन्ही येतं. वेतनस्तर सात ते अकरामधल्यांची वर्गणी महिना ६५० रुपये. दहा वर्षांची एकदम, म्हणजे ७८,००० रुपये भरले की कार्ड तहहयात. ‘ईएसआय’मध्ये निदान पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त होणाऱ्या कामगाराला महिना दहा रुपयांत, वर्षाचे १२० आगाऊ भरून, स्वतःसह जोडीदाराचेही उपचार मिळतात. इतक्या स्वस्त हक्काविषयी कारखान्यांत इतकं कमी बोललं जातं, याची खंत वाटते.

‘सत्तरीत फुकट मिळणार, मग आता पैसे कशाला?’ असं कुणी म्हणेल. पण साठ ते सत्तर ही दहा वर्षं काढायची कशी? शिवाय सीजीएचएसवाल्याला सत्तरीनंतर दोहोंपैकी एकच निवडता येतं. ईएसआयवाल्याला दोन्ही ठेवता येतात. अंतराचा आक्षेप जास्त खरा आहे. मुंबई-पुण्यात नोकरी करून कोकणात गावी परतलेल्याने दर महिन्याला गोळ्यांसाठी शहर गाठायचं का? सीजीएचएसच्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्यांना त्यासाठीच महिना हजार रुपयांचा वैद्यकीय भत्ता आहे आणि वर्गणी भरून भरतीपुरतं सीजीएचएस राखताही येतं. कार्ड काढण्याआधी निवृत्तीनंतर राहायचं कुठे हे ठरवायला हवं, ते यासाठी. ईएसआयच्या दवाखान्यांत रांगा असतात हे नाकारण्यात अर्थ नाही, पण रांगेला कंटाळून हक्कच सोडला तर मोठ्या आजारात ते दारही बंद होतं.

यातलं काहीच नसलेल्या खासगी नोकरदाराने मात्र सत्तरीची वाट पाहूच नये. कंपनीचा सामूहिक विमा सहसा नोकरीबरोबर संपतो. तो संपण्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून घ्यावा, म्हणजे आधीच्या वर्षांचा प्रतीक्षाकाल फुकट जात नाही. नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू झालेली ती तीन वर्षं एकसष्टीला संपतात. रोजच्या गोळ्यांसाठी राज्याच्या आरोग्य विभागाची रुग्णालयं आहेत; तिथले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत.